आगच देईल आगीची वर्दी

आग प्रारंभी लहानच असते. त्या अवस्थेत ती आटोक्यात आणणे सोपे असते. परंतु तिची वर्दी मिळेपर्यंत ती वेळ बहुधा टळून गेलेली असते. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली. ज्यांना स्वतः उठून बाहेर पडता येत नाही, त्यांचे प्राण वेळेवर मिळालेल्या वर्दीवरच अवलंबून असतात.

प्रचलित सूचनायंत्रे धूर किंवा उष्णता ओळखतात. पण त्यांना वीज लागते. पुरवठा खंडित झाला व आतील बॅटरीही संपलेली असली, तर भिंतीवरचे यंत्र मुकेच राहते. म्हणूनच आगीला दाद न देणारे आणि तिच्याच उष्णतेतून इशारा देणारे पदार्थ शास्त्रज्ञ शोधीत आहेत.

जुने तत्त्व, नवा उपयोग

दोन भिन्न धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानांत ठेवल्यास जवळची चुंबकसूची हलते, असे थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये आढळले. तापमानातील फरकामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे त्याचे कारण होय. असा गुण असलेल्या पदार्थाचा लेप कापडावर वा फोमवर दिल्यास एक बाजू तापताच विद्युत्संकेत उमटतो. हा संकेत क्षीण असतो. तो आग ओळखण्यास पुरतो. मोठी घंटा वाजविण्यास मात्र निराळी शक्ती लागते.

ग्राफीन ऑक्साइडची रीत वेगळी आहे. एरवी ते वीज जवळजवळ वाहू देत नाही. तापल्यावर त्यातील बराचसा प्राणवायू निघून जातो व ते वाहक बनते. त्यामुळे बॅटरीला जोडलेले मंडल पूर्ण होऊन घंटा वाजते.

इशारा देणारा पदार्थच जळून गेला, तर उपयोग काय? यासाठी त्यात स्फुरद व नत्र यांची संयुगे मिसळतात. ज्वाळा लागताच पृष्ठभागावर कोळशासारखा थर तयार होतो आणि तो आतील भागाला उष्णतेपासून व हवेपासून वाचवितो.

आजचे कर्तव्य

हे संशोधन अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. दमट हवा, धूळ आणि वर्षानुवर्षांचा वापर यांच्या कसोटीस ते उतरावयाचे आहे. तोपर्यंत शाळा, आरोग्य केंद्रे व ग्रामपंचायत कार्यालये येथील सूचनायंत्रे नियमित तपासणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि रात्री जबाबदार व्यक्ती जागी असणे आवश्यक आहे. पदार्थ कितीही सुधारला, तरी वर्दी ऐकून धावणारा माणूस लागतोच.