विश्लेषण : ठाणे-डोंबिवलीत सगळेच धावू लागले, मग वाद कशावरून होतात?

सहा वर्षांच्या खंडानंतर १० ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पुन्हा रस्त्यावर आली. आधीची, म्हणजे ३० वी स्पर्धा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली होती. त्यानंतर करोना आला आणि ३१ वी स्पर्धा लांबत गेली. ओळख ‘महापौर मॅरेथॉन’ अशी असली तरी २०२५ मध्ये पालिकेत महापौरच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे स्पर्धा महापालिकेच्या नावाने झाली. मधल्या काळात धावणारे मात्र थांबले नव्हते. येऊरचा चढ, उपवन तलाव, डोंबिवलीतील घरडा सर्कल, पलावाचे अंतर्गत रस्ते, कल्याणचा गांधारी पूल अशा ठिकाणी रविवारी पहाटे पाच वाजता रंगीत टी-शर्टांचे घोळके दिसतात. धावणारे वाढले तसे वादही वाढले. अंतर खरे किती, जिंकले नेमके कोण, कुणाच्या नंबरावर कोण धावले, असे हे वाद आहेत.

ठाण्याची मॅरेथॉन ही ‘मॅरेथॉन’ आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. ठाण्यातील मुख्य शर्यत २१ किलोमीटरची, म्हणजे अर्धमॅरेथॉन. आपल्याकडे तीन किलोमीटरच्या शालेय दौडीलाही ‘मिनी मॅरेथॉन’ म्हणतात, तेव्हा ठाण्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. तरी ४२ किलोमीटरसाठी वर्षभर घाम गाळणाऱ्याला हा शब्दप्रयोग खुपतो, आणि कार्यालयात ‘मी मॅरेथॉन धावलो’ असे सांगणाऱ्याला ‘पूर्ण की अर्धी?’ हा प्रश्न हमखास येतो.

गंमत अशी की हे ४२.१९५ अंतरही फार पवित्र नाही. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत मार्ग आखला गेला आणि तो तेवढा भरला. हेच अंतर कायमचे धरायचे असे ठरले ते १९२१ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावले, तेव्हाचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून पुढे आलेले चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. आजच्या हिशेबाने ते अर्धा किलोमीटर जास्तच धावले. ठाण्याचा शेजार असलेल्या वसई-विरारमध्ये २०११ पासून पूर्ण ४२ किलोमीटरची स्पर्धा भरते. त्यामुळे ‘ठाण्यात का नाही?’ हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. त्याचे व्यावहारिक उत्तर सोपे आहे. ४२ किलोमीटरसाठी सर्वात मागच्या धावपटूंना सहा-सात तास लागतात आणि एवढा वेळ घोडबंदर रोड बंद ठेवणे कोणत्याही पोलीस आयुक्ताला परवडणारे नाही.

घड्याळ २१.४ दाखवते, मग मार्ग चुकला का?

स्पर्धा संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होणारे हे सर्वात मोठे भांडण. बहुतेक वेळा चूक घड्याळाची असते. प्रमाणित मार्ग जीपीएसने मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ नावाचे यंत्र लावतात, आधी पोलादी पट्टीने मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल चालवून चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब पक्का करतात आणि मग वळणावळणाला सर्वात जवळची रेषा पकडत मार्ग मोजतात. त्यावर हजारात एक भाग, म्हणजे २१ किलोमीटरला साधारण २१ मीटर, मुद्दाम जास्त धरतात, कारण मार्ग एक मीटरने जरी कमी भरला तरी विक्रम बाद होतो. धावपटू मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणाची बाहेरची बाजू धरत धावतो. शिवाय उड्डाणपुलाखाली आणि घोडबंदरच्या ४० मजली इमारतींच्या मधून उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. त्यामुळे दोन-तीनशे मीटर सहज वाढतात. अर्थात मार्ग प्रमाणित असेल तरच हा बचाव लागू पडतो. उपनगरांत होणाऱ्या अनेक छोट्या दौडींचा मार्ग आयोजकाच्या दुचाकीच्या मीटरवर ठरतो, तिथे शंका घेणाऱ्यांचेच खरे असू शकते.

धावतात कोण?

एकाच सुरुवातीच्या रेषेवर दोन वेगळी जगे उभी असतात. पुढच्या रांगेत लष्कराचे जवान, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडील मुले-मुली. त्यांच्यासाठी रोख बक्षीस म्हणजे पुढच्या काही महिन्यांचा खुराक आणि बूट. त्यांच्याच आसपास शहापूर, मुरबाडकडून आलेली भरतीची तयारी करणारी पोरे असतात. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर धावायचे असते. तिथला एकेक सेकंद गुणांत मोजला जातो. मागच्या रांगांत बँक अधिकारी, आयटीतील अभियंते, डॉक्टर, पन्नाशीनंतर धावू लागलेल्या गृहिणी. त्यांची शर्यत स्वतःच्या मागच्या वेळेशी.

बक्षिसाची रक्कम एखाद्यासाठी किती मोठी असते हे बारामतीच्या लता करे यांनी दाखवले. पतीच्या उपचाराच्या खर्चासाठी त्या साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट आला, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखलही घेतली गेली. म्हणूनच बक्षिसाचा धनादेश महिनोन् महिने न मिळणे ही धावपटूंच्या वर्तुळातली जुनी तक्रार केवळ कुरकुर ठरत नाही.

मागच्या रांगांचे गणित वेगळे. डोंबिवलीकराला आठवड्यात सरावासाठी मिळते ती लोकलच्या आधीची पहाट. साडेचारला उठायचे, दहा किलोमीटर धावायचे, आंघोळ करून सातची फास्ट पकडायची. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी तर कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास विशेष लोकल सुटते आणि अख्खा डबा बिब लावलेल्या माणसांनी भरलेला असतो. नेहमीच्या प्रवाशाला या गाडीत बसायला जागा मिळते हाच काय तो चमत्कार.

दुसऱ्याच्या बिबवर धावले तर बिघडते काय?

हौशी धावण्यातला हा सर्वाधिक सर्रास चालणारा आणि सर्वात कमी गांभीर्याने घेतला जाणारा गैरप्रकार. नोंदणी सहा महिने आधी होते, शुल्क परत मिळत नाही, ऐनवेळी गुडघा धरतो. मग ‘बिब आहे, कोणाला हवे का?’ असा संदेश फिरतो. वरवर पाहता यात कुणाचे नुकसान नाही. पण बिबच्या मागे रक्तगट, वय आणि तातडीचा संपर्क असतो. १८ व्या किलोमीटरला माणूस कोसळला तर डॉक्टरांसमोर चुकीच्या माणसाची माहिती येते आणि फोन भलत्याच घरी जातो. दुसरा फटका निकालाला. पत्नीच्या बिबवर पती धावला की महिलांच्या वयोगटात एक अशक्यप्राय वेळ नोंदली जाते आणि खऱ्या तिसऱ्या आलेल्या बाईचे व्यासपीठ हुकते. आयोजक दुरुस्ती करतात, पण तोवर फोटो काढून झालेले असतात.

पकडतात ते चिपमुळे. बिबच्या मागची पातळ पट्टी म्हणजे बॅटरी नसलेला आरएफआयडी टॅग. रस्त्यावर अंथरलेल्या चटईतल्या अँटेनावरून धावपटू गेला की त्या ऊर्जेवर टॅग जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. वळणावरची चटई चुकली की समजावे, मधूनच रस्ता ओलांडून परतीच्या बाजूला उडी मारली. पहिले दहा किलोमीटर ७० मिनिटांत आणि पुढचे पाच १५ मिनिटांत, अशी नोंद असेल तर मध्ये रिक्षा होती, एवढे समजायला अभियंता लागत नाही. प्रत्येक चटईवर दोन टॅग एकाच सेकंदाला वाजत असतील तर एकाच्या खिशात मित्राची चिप आहे. खर्च वाचवण्यासाठी फक्त सुरुवातीला आणि शेवटी चटई टाकणाऱ्या स्पर्धेत यातले काहीच कळत नाही.

हे हौशी लोकांपुरतेच मर्यादित नाही. एप्रिल २०२४ मध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये तिघा आफ्रिकी धावपटूंनी शेवटच्या टप्प्यात वेग कमी करून चीनच्या हे जिए याला पुढे जाऊ दिल्याचे चित्रफितीत दिसले. चौघांचीही पदके काढून घेण्यात आली.

उत्तेजकांचे काय?

इथे चित्र खरोखर गंभीर आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीत भारतातील ७,११३ चाचण्यांपैकी २६० नमुने दोषी आढळले, म्हणजे सुमारे ३.६ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक, आणि तेही सलग तिसऱ्या वर्षी. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत चाचणी अधिकारी आल्याचे कळताच पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. लांब पल्ल्यातली जागतिक घटनाही ताजी आहे. महिलांमध्ये २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांचा विक्रम करणाऱ्या केनियाच्या रूथ चेपनगेटिचवर ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली. दोषी नमुना मार्च २०२५ चा असल्याने आधीचा विक्रम मात्र पुस्तकात कायम राहिला.

गावपातळीवरच्या रोख बक्षिसांच्या दौडीत चाचणी होतच नाही. भरतीच्या मैदानी चाचणीआधी तरुणांकडे उत्तेजके सापडल्याच्या बातम्या राज्यात येऊन गेल्या आहेत, यावरून ही औषधे कुठवर पोहोचली आहेत याचा अंदाज यावा. हौशींमध्ये धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत आहे. ती बंदी घातलेल्या यादीत नसते, पण घाम गाळलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणते.

बुटांवरून भांडण का?

कार्बनची पट्टी आणि जाड, उसळणारा फोम असलेल्या बुटांनी वेळा झपाट्याने खाली आल्या. म्हणून जागतिक संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या बुटाच्या तळव्याला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आणि एकापेक्षा जास्त पट्ट्यांना मनाई केली. आपल्याकडे वाद तंत्राचा कमी, पैशांचा जास्त. पंधरा-वीस हजारांचा बूट मागच्या रांगेतल्या व्यवस्थापकाच्या पायात असतो आणि बक्षिसासाठी धावणाऱ्या पोराच्या पायात बहुधा नसतो.

ऑगस्टच्या पावसात धावायचे कसे?

ऊन नसले तरी हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे पावसाळी शर्यतीतही उष्माघात होऊ शकतो. नुसते पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले सोडियम घसरते, म्हणून मीठ-साखर लागते. त्यात खड्डे. डबक्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि घोटा मुरगळतो.

पाण्याच्या टेबलांवरून तर ऑलिम्पिकही सुटले नाही. २०१६ च्या रिओ मॅरेथॉनमध्ये ८९ व्या आलेल्या ओ. पी. जैशा यांनी भारतीय टेबलांवर कुणी नव्हते अशी तक्रार केली. त्यांनी व प्रशिक्षकांनीच पेये नाकारली होती, असे ॲथलेटिक्स महासंघाने सांगितले. त्याच शर्यतीत नाशिकच्या कविता राऊतही होत्या.

स्थानिक दौडीत पाण्याची टंचाई बसते ती सर्वात मागच्यांना. तीन तासांची मुदत असलेल्या २१ किलोमीटरमध्ये अडीच तासांनंतर अनेकदा टेबले उचलली जातात, रस्ता खुला होतो आणि शेवटचे धावपटू बस व रिक्षांच्या मधून वाट काढतात. म्हणून काही आयोजक आता शेवटच्या धावपटूच्या मागे चालणारे स्वयंसेवक आणि रुग्णवाहिका ठेवतात. ती पुढे गेल्याशिवाय टेबल हलवायचे नाही, असा नियम असतो. नोंदणी करण्याआधी प्रमाणित मार्ग, मधल्या चटया आणि ही शेवटची रुग्णवाहिका आहे का, एवढे विचारून घेता येते. टी-शर्टाचा रंग नंतर विचारला तरी चालतो.