घोडा अनवाणी का लंगडतो?

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या पुळणीवर तुम्ही कधी फिरला आहात का? पाणी मागे हटले की काळसर, ओली वाळू उघडी पडते आणि कुलाबा किल्ल्याकडे माणसांची व घोडागाड्यांची ये-जा सुरू होते. मागच्या उन्हाळ्यात काही मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. एका मुलाला वाळूत घोड्याची नाल सापडली. खाऱ्या पाण्याने ती इतकी गंजली होती, की तिचे पापुद्रे सुटत होते. दारावर ठोकायला ती घरी न्यावी, असा त्याचा बेत! पण तेवढ्यात घोड्याचा लगाम धरून घोडेवाले काका नाल शोधत आले. घोडा किंचित लंगडत होता.

"काका, एक निघालीच आहे, तर बाकीचीही काढून टाका ना! रानातल्या घोड्यांना कोण नाल ठोकतं?" मुलाने विचारले.

"बाळा, काढायला काय, घटकाभराचं काम," काका म्हणाले. "पण उद्यापासून हा चाललाच नाही, तर आमची चूल कशी पेटायची?"

दोघांचेही म्हणणे रास्त होते. मग खरे उत्तर कोणते? ते शोधण्यासाठी आपल्याला घोड्याच्या खुराच्या आत डोकवावे लागेल.

मधल्या बोटावर उभा प्राणी

आपल्या हाताचे मधले बोट टेबलावर उभे टेकवा. बाकीची बोटे नाहीतच अशी कल्पना करा. घोडा अशाच एकेका बोटावर उभा असतो! लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्याची बाकीची बोटे आखडत गेली आणि मधल्या बोटाचे नख वाढून त्याचा खूर बनला. खुराची बाहेरची भिंत केराटिन या प्रथिनाची असते. आपली नखे आणि केसही त्याचेच. या भिंतीत चेतातंतू नसतात, म्हणून नालबंद तिच्यात नीट खिळा ठोकतो तेव्हा घोड्याला दुखत नाही.

खुरातील हाड मात्र सरळ तळव्यावर टेकलेले नसते. भिंतीच्या आतल्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे ५५० ते ६०० पातळ पापुद्रे असतात. ते हाडाकडून आलेल्या तशाच पापुद्र्यांत गुंतलेले असतात. म्हणजे घोड्याचा बराचसा भार या भिंतीला टांगलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

उशी आणि पंप

खूर उलटा करून पाहिला, तर तळाशी मागच्या बाजूला रबरासारखा एक त्रिकोणी भाग दिसतो. त्याच्या वर टाचेच्या आत तंतूंची आणि कूर्चेची उशी असते. पाय जमिनीवर पडला की टाचेचा भाग किंचित फाकतो, उचलला की पूर्ववत होतो. हीच खुराची स्थितिस्थापकता. या हालचालीमुळे खुरातील रक्त वर ढकलले जायला मदत होते. धक्काही सौम्य होतो.

तो कसा? वरून पडणारा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. चेंडूच्या संवेगात होणारा बदल तेवढाच असतो, पण त्याला वेळ अधिक मिळतो, म्हणून हाताला बसणारे बल कमी होते. फाकणारा खूर नेमके हेच करतो. दौडणाऱ्या घोड्याच्या एका पायावर क्षणभर त्याच्या संपूर्ण वजनाच्या दुपटीहून अधिक बल येते, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते.

लोखंडी नाल या व्यवस्थेत थोडी आडकाठी करते. लोखंड फाकत नाही. टणक जमिनीवर आपटल्यावर खुरात जाणारी कंपनेही नालेमुळे वाढतात. टाच थोडी तरी हलावी, म्हणून जाणता नालबंद खिळे खुराच्या पुढच्या भागातच ठोकतो. ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच खुराच्या लवचीकपणाचा अभ्यास करून नालेवर टीका केली होती.

मग नाल आली कशाला?

एका टाकीत नळाने पाणी येते आणि तोटीने जाते. दोन्ही वेग सारखे असले की पातळी कायम राहते. खुराचेही तसेच. खूर महिन्याला साधारण ८ मिलिमीटर वाढतो आणि चालताना झिजतो. रानातल्या घोड्याचा हा हिशेब बहुधा जुळतो. पण माणसाने त्याच्या पाठीवर ओझे ठेवले, त्याला गाडीला जुंपले, दगडी रस्त्यावर दिवसभर चालवले, की झीज वाढीच्या पुढे जाते. ती थांबवण्यासाठी नाल आली. युरोपात खिळ्यांची नाल इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकानंतर रूढ झाली. आपल्याकडे मराठेशाहीत स्वारीपूर्वी घोडेस्वारांना जी आगाऊ रक्कम देत, तिला नालबंदी हेच नाव होते. १८७४ साली मुंबईत सुरू झालेल्या ट्रामगाड्याही घोडेच ओढत.

पण त्यापूर्वी काय करीत? ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. तबेल्याबाहेरच्या अंगणात मुठीएवढे गोल दगड पसरावेत, खरारा करताना घोडा त्यांवर उभा राहावा, म्हणजे त्याचे खूर घट्ट होतात, असे त्याने सांगितले आहे. हा सल्ला लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

घाई का करता येत नाही?

नाल अनेक वर्षे असलेल्या घोड्याचा तळवा जमिनीपासून थोडा उचललेला राहतो. त्यामुळे तो पुरेसा घट्ट होत नाही. टाचेची उशीही मऊ राहते. भिंतीच्या कडेला खिळ्यांची भोके असतात. अशा घोड्याची नाल काढून त्याला खडीवर चालवले तर तो लंगडणारच. आयुष्यभर चपला घातलेल्या माणसाला एकदम काट्याकुट्यांत अनवाणी चालवण्यासारखेच ते आहे.

आता सोपे गणित करा. खुराच्या पुढच्या भिंतीची उंची ८ सेंटिमीटर धरू. वाढ महिन्याला ८ मिलिमीटर. मग वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत संपूर्ण नवी भिंत यायला किती काळ लागेल? ८० भागिले ८, म्हणजे १० महिने! नाल काढणे घटकाभराचे, पण खूर अनवाणी चालण्याजोगा होणे हे काही महिन्यांचे काम आहे.

म्हणून जाणकार माणसे टप्प्याटप्प्याने जातात. पुष्कळदा आधी मागच्या पायांची नाल काढतात, कारण सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. भिंतीची कड कानशीने गोल करतात, म्हणजे ती तुटत नाही. तळवा मात्र कोरत नाहीत. सुरुवातीला स्वाराशिवाय थोडा वेळ ओल्या, घट्ट वाळूवर चालवतात. तेथे खूर किंचित रुततो आणि भिंतीच्या कडेबरोबर तळव्यावरही भार पसरतो. क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो, हे तुम्ही शिकलाच आहात. खडीच्या रस्त्यासाठी खुरावर चढवायचे रबरी बूटही आता मिळतात. खूर गरम लागला किंवा लंगडणे वाढले, तर चालवणे थांबवून पशुवैद्याला बोलावतात.

कोकणातला पेच

काकांना हे सगळे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "सर, सुट्टी मिळते ती पावसाळ्यातच. तेव्हा किनाऱ्यावर फेऱ्या बंद. पण तेव्हाच खूर मऊ पडतात."

त्यांचे निरीक्षण अचूक होते. आंघोळीनंतर आपली नखे मऊ होतात, तसेच ओलाव्याने खुरातील केराटिन नरम पडते. अलिबागेस वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. चिखलात उभ्या राहिलेल्या खुरात जंतू शिरून तो सडूही शकतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण तेव्हा पर्यटकांची गर्दी असते आणि वर्षाची कमाई तेव्हाच होते.

येथे झेनोफन मदतीला येतो. तबेल्यात छपराखाली थोडा उंचवटा करून गोल खडी पसरली, तर पाणी निचरून जाते, खूर कोरडा राहतो आणि उभ्या उभ्याच तळव्याला व्यायाम मिळतो. अनवाणी घोडे पाळणारे आजही असे अंगण करतात. तरी प्रत्येक घोडा अनवाणी व्हायलाच हवा, असे नाही. दिवसभर डांबरी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या घोड्याची झीज वाढीपेक्षा जास्त असेल, तर त्याला नाल किंवा रबरी बूट हवाच. वाढ आणि झीज यांचा हिशेब पाहूनच निर्णय घ्यायचा.

काकांनी लगेच होकार दिला नाही. "यंदा मागच्या दोन पायांचं बघतो," एवढेच म्हणाले. मला ते उत्तर शास्त्रीय वाटले. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा, प्रयोगाची रीत दुसरी काय असते?

करून पाहा

अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी न पुसणाऱ्या शाईचा बारीक ठिपका द्या. शाई फिकी झाली की त्याच जागी पुन्हा द्या. दर रविवारी मुळापासून ठिपक्यापर्यंतचे अंतर मोजून आलेख काढा. तुमचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढेल. ते संपूर्ण नवे यायला किती महिने लागतील, ते आलेखावरून काढा आणि घोड्याच्या १० महिन्यांशी ताडून पाहा.