घरचा शिधा आधी, बाजार नंतर

पेरणीपूर्वी आपण बियाणे, खते व मजुरी यांचा हिशेब करतो. वर्षभर घरात काय शिजणार, याचा हिशेब मात्र सहसा कागदावर येत नाही. मार्चअखेर सोसायटीचा भरणा असतो, म्हणून ज्वारीची रास घरी येताच बाजारात जाते. पुढे श्रावणात कोठी रिकामी होते आणि तेच धान्य दुकानातून किलोच्या भावाने, बहुधा उधारीवर आणावे लागते. विकताना हमाली, तोलाई आणि गाडीभाडे आपण सोसतो. घेताना दुकानदाराचा नफाही आपणच देतो. धान्य आपल्याच रानातले, पण दोन्ही वेळचा तोटा आपल्याच पदरी!

माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन वर्षे हेच घडले. तिसऱ्या वर्षी आजीने रास घरात येताच वर्षाची पोती मोजून बाजूला काढली आणि उरलेलीच विकू दिली. त्या वर्षी दुकानाच्या वहीत मीठ, चहा व साखर याशिवाय फारसे काही लिहिले गेले नाही. आजीचा तोच हिशेब येथे मांडला आहे.

गरज कशी काढावी?

अंदाजाने न सांगता सात दिवस मोजून पाहावे. आठवड्याच्या सुरुवातीला पीठ, तांदूळ, डाळ आणि तेल मोजून ठेवावे. आठवडा संपल्यावर उरलेले मोजून वजा करावे. आलेल्या आकड्याला ५२ ने गुणले की वर्षाची गरज निघते. पाहुणे, सणवार व नासाडी यांसाठी त्यात शेकडा १० मिळवावेत.

उदाहरणार्थ, सहा माणसांच्या घरात आठवड्याला १५ किलो धान्य व सव्वादोन किलो डाळ लागते, असे धरू.

१) धान्य : १५ × ५२ = ७८० किलो. त्यात १० टक्के मिळवून ८५८ किलो.

२) राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सहाही माणसांची नावे शिधापत्रिकेवर असल्यास वर्षाचे ३६० किलो होतात. ते वजा जाता घरचे सुमारे ५ क्विंटल धान्य लागेल. ज्यांना हा लाभ नाही, त्यांनी पूर्ण ८५८ किलो धरावेत.

३) डाळ : ११७ किलो, वाढीव १० टक्क्यांसह सुमारे १२९ किलो. घरगुती पद्धतीने भरडल्यास तुरीची सुमारे ६५ टक्के डाळ पडते. म्हणजे सुमारे २ क्विंटल तूर राखावी लागेल. थोडी तूर व थोडा हरभरा ठेवल्यास ताटात पालटही होतो.

पेरणीत जागा ठेवा

गरज कळली की क्षेत्र ठरवता येते. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे एकरी ४ क्विंटल उत्पादन धरल्यास ५ क्विंटलसाठी सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे पुरतात. शिवाय जनावरांना कडबा मिळतो. भारी जमिनीत फुले वसुधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा आपल्या भागातील खात्रीचा मालदांडी वाण घ्यावा. तुरीसाठी वेगळे रान अडवण्याची गरज नाही. सोयाबीन किंवा बाजरीत तिचे आंतरपीक घ्यावे. सर्व क्षेत्र एकाच नगदी पिकाखाली घालणाऱ्याला भाव पडला तर दुहेरी फटका बसतो : हाती पैसा कमी येतो आणि धान्य मात्र विकतच घ्यावे लागते.

घरच्या भुईमुगाचे तेल काढणार असाल, तर १ क्विंटल शेंगांपासून घाण्यावर साधारण २५ ते २८ किलो तेल मिळते. पेंड जनावरांना उपयोगी पडते. सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता, पालक, मेथी आणि दोन-चार वेल लावल्यास भाजीवरचा रोजचा खर्च वाचतो.

साठवण

राखलेले धान्य किडीने खाल्ले तर हिशेब फसतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

• धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलावा १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. धान्य सावलीत गार झाल्यावरच कोठीत भरावे.

• पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

• अख्ख्या कडधान्यावर भुंगेरे अंडी घालतात. म्हणून शक्य तेवढ्या तुरीची डाळ लवकर करावी. अख्खे राहील त्याला किलोमागे सुमारे ५ मिलि खाद्यतेल चोळावे.

• राहत्या घरात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. औषध लावलेले बियाणेही खाण्याच्या धान्याजवळ ठेवू नये.

आठवड्याचा बाजार

बाजाराच्या दिवशी सकाळी डबे पाहून यादी करावी. घरात काय आहे ते आधी, काय आणायचे ते नंतर लिहावे. मिरची, हळद, गूळ यांसारख्या वस्तू हंगामात एकदम घेतल्यास स्वस्त पडतात. उधारी केलीच, तर तारीख व रक्कम आपल्याही वहीत लिहावी.

स्वस्त ताट म्हणजे निकस ताट नव्हे. भाकरीसोबत रोज डाळ किंवा उसळ असावी. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळीतून भरून निघते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास मात्र ते वाया जाते. दूध डेअरीला घालताना मुलांच्या व गरोदर बाईच्या वाट्याचे आधी घरात ठेवावे.

कर्ज असेल तर?

पैशाची निकड असते हे खरे. सर्वच धान्य राखणे जमत नसेल, तर निदान आषाढ ते आश्विन या चार महिन्यांचे तरी राखावे. आपल्या उदाहरणात वर्षाच्या ५ क्विंटलचा हा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १७० किलो होतो. दोन पोत्यांपेक्षा हे फार जास्त नाही. पण तेवढ्याने ऐन पावसाळ्यातील उधारी टळते.

हा हिशेब घरातील कारभारणीला सोबत घेऊनच करावा. कोठीचा तळ कधी दिसतो, हे तिलाच पक्के ठाऊक असते. येत्या आठवड्यात मोजमाप करा व आलेला आकडा पेरणीच्या कागदावर सर्वांत वर लिहा.