बायोडेटा नेट सेंटरवर विसरू नका

हा आपल्या कालच्या भागाचा लेखी मजकूर.

एटापल्लीत एका ठेकेदाराकडे कामाला असताना मी दुसरी नोकरी शोधत होतो, गुपचूप. मोबाईलवर सगळी काळजी घेतली. नोकरी डॉट कॉमवर ठेकेदाराचं नाव ब्लॉक केलं. (मूळ कंपनीचं नाव वेगळं असेल तर तेही टाका, मी विसरलो होतो.) लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट न लावता फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवलं. पूर्ण लपेल याची हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही, बरं का.

आणि फुटलं कुठून? नेट सेंटरवरून! प्रिंटसाठी बायोडेटा त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला, फाईल तिथल्या कॉम्प्युटरवर तशीच राहिली. आमचा सुपरवायझर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेला, तर स्क्रीनवर माझं नाव. दुसऱ्या दिवशी, “काय रे, चालला का तू?” महिनाअखेर ठेक्याची नवी यादी आली, त्यात मी नव्हतो. हातात दुसरी ऑफरही नव्हती.

आपण पाठवलेला मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केला तरी डाउनलोड झालेली फाईल जात नाही. म्हणून समोर उभं राहून ती काढायला लावा, रिसायकल बिनमधूनही. आळापल्लीला किंवा गडचिरोलीला जाणं होणारच असेल, तर प्रिंट तिकडेच काढा. मुलाखतीत मात्र स्पष्ट सांगा, “सर, सध्याच्या ठिकाणी चौकशी ऑफर लेटर दिल्यावरच करा.” मी आता पहिल्याच फोनवर सांगतो. आजवर कुणी नाही म्हटलं नाही.