जानेवारीनंतरची खाडी

पाणपक्ष्यांची आशियाई मोजणी भारतात 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते. या महिन्यात पाहुणे पक्षी एका जागी स्थिरावलेले असतात, त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची धास्ती कमी. कारण रास्त आहे. मात्र या मोजणीमुळे जानेवारी म्हणजेच हंगाम, अशी समजूत रूढ झाली, आणि फाल्गुन लागेपर्यंत खाडीकाठ ओस पडू लागतात. ठाण्याची खाडी आणि तिच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर असलेले येऊरचे जंगल एकत्र पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. पक्षी किती आले हे जानेवारी सांगते. परतीच्या प्रवासाची त्यांची तयारी झाली की नाही, हे फेब्रुवारीअखेर आणि मार्चच सांगू शकतात. आणि आजघडीला दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

बाकचोच तुतारीचेच पाहा. सायबेरियाच्या उत्तर टोकाला वीण करणारा हा मूठभर पक्षी हिवाळाभर राखाडी असतो. मार्च सरता सरता त्याच्या छातीवर विटकरी पिसे उगवू लागतात, पण एकदम नव्हे. अर्धवट रंगवून सोडलेल्या भिंतीसारखा तो काही आठवडे ठिगळाठिगळांचा दिसतो. छोट्या चिखल्याच्या छातीवरही याच सुमारास नारिंगी पट्टा चढतो. नवी पिसे आणि प्रवासासाठीची चरबी, दोन्ही याच चिखलातल्या किड्या-कृमींवर उभी राहतात. लांब पल्ल्याचे काही किनारपक्षी निघण्यापूर्वी वजन जवळपास दुप्पट करतात. या आठवड्यांत चिखल आटला, प्लास्टिकने झाकला गेला किंवा माणसांनी थवे पुन्हापुन्हा उठवले, तर जानेवारीच्या आकड्यात त्याचा मागमूसही लागत नाही. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत बाकचोच तुतारीला ‘असुरक्षित’ गटात टाकण्यात आले, हे इथे लक्षात ठेवायला हवे. नेरूळच्या डीपीएस तळ्यात काही रोहित मेले तो महिना होता 2024 चा एप्रिल. तळ्यात येणारे भरतीचे पाणी अडल्याची तक्रार पक्षीमित्र करत होते. मुंबईच्या परिसरात रोहित मे महिन्यापर्यंत असतात. मग त्यांची विचारपूस जानेवारीतच का संपावी?

खाडीवर घड्याळापेक्षा पंचांग उपयोगी पडते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. खाडीच्या वरच्या टोकाला थोडा उशीर धरावा. पौर्णिमेला भरती साधारण सव्वाअकराला, म्हणजे आठ ते दहा या वेळात चिखल आकसत जातो आणि पक्षी काठाकडे सरकतात. अष्टमीला भरती सहालाच होऊन गेलेली असते. सकाळभर चिखल उघडा पडत जातो आणि पक्षी दूर जातात. ती सकाळ येऊरला द्यावी. (पंचांग न पाहता रविवार पाहून निघणारे ‘आज काहीच नव्हते’ म्हणत परततात, त्यात खाडीचा दोष नाही.) जंगलात एव्हाना सागाची पाने झडलेली असतात आणि पांगारा, सावर, पळस फुललेले. फुलोऱ्यावर भोरड्यांची झुंबड उडते; त्या मध्य आशियाकडे परतायच्या बेतात असतात. शेजारच्या वाळक्या फांदीत तांबट घरट्यासाठी भोक कोरत असतो. एकाचा मुक्काम संपतो तिथे दुसऱ्याचा संसार सुरू होतो, आणि ऋतूचा हा सांधा ना डिसेंबरात दिसतो, ना जानेवारीत.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचाच. थवे हलू लागल्यावर मोजणीला अर्थ काय? मोजणीला कमी, हे मान्य. पण जानेवारीची मोजणी बंद करा असे कोणी म्हणत नाही. मार्चमध्ये संख्येऐवजी अवस्था नोंदवायची: किती पक्ष्यांवर रंग चढला, किती वेळ चरतात, थवा कशाने उठला. दुसरा आक्षेप, हौशी माणसांच्या नोंदींवर भरवसा किती ठेवायचा? 2023 चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. एकट्याची चूक इतक्या पसाऱ्यात जिरते. नोंदच नसेल तर मात्र कोणतेही गणित ती पोकळी भरू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. जे आठवडे पक्ष्यांसाठी एवढे नाजूक, त्याच आठवड्यांत माणसांची वर्दळ वाढवायची? भरतीच्या माथ्याला चिखल बुडतो तेव्हा किनारपक्षी भांडुप पंपिंग स्टेशनसारख्या उंचवट्याच्या जागी दाटीने विसावतात. तिथे फोटोसाठी दहा पावले पुढे टाकली की अख्खा थवा उठतो, आणि साठवलेली चरबी व्यर्थ उडण्यात खर्च होते. म्हणून फिरणे कमी करण्यापेक्षा फिरण्याची रीत बदलायला हवी. भरतीच्या माथ्याच्या आधी-नंतरचा तासभर विसाव्याच्या जागा टाळाव्यात, चार-पाचांच्या गटाने बांधावरूनच पाहावे, आणि एक पक्षी जरी चरणे थांबवून मान वर काढून पाहू लागला तरी तिथेच थबकावे. वहीत प्रजातींच्या यादीआधी तिथी, भरतीची वेळ आणि थवा उठला असल्यास त्याचे कारण लिहावे; मग ते कारण आपण स्वतः का असेना.