संगणकीय अहवालातील प्राचले आणि ग्रामनामांचे लेखन

संस्थेच्या दैनंदिन नोंदींवरून निर्णयोपयोगी अहवाल सिद्ध करणाऱ्या संगणकपद्धतीस ‘बिझनेस इंटेलिजन्स’ ही संज्ञा रूढ आहे. अशा अहवालामागील पृच्छा, म्हणजे विदागारास विचारावयाचा प्रश्न, एकदाच रचलेली असते. तालुका, गाव, हंगाम ही मूल्ये मात्र वाचक प्रत्येक वेळी निवडतो. या बदलत्या मूल्याच्या स्थानास प्राचल म्हणतात. प्राचलात दोष राहिल्यास अहवाल पुष्कळदा त्रुटीचा संदेश न देता रिकामाच येतो. मग नोंदच नाही की प्रश्नच चुकला, हे पाहणाऱ्यास कळत नाही, आणि चुकीच्या शून्यावर निर्णय घेतला जातो.

बारामती व इंदापूर या शेजारच्या ऊसउत्पादक तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. समजा, ऊसनोंदीच्या अहवालात बारामती तालुका व माळेगाव बुद्रुक अशी निवड केली आणि नंतर केवळ तालुका बदलून इंदापूर केला. तालुक्यानुसार ग्रामसूची नव्याने भरली गेली नाही, तर पृच्छा बारामतीचे गाव इंदापुरात शोधते व रिक्तहस्त परतते. गाळपाचा हंगाम दोन इंग्रजी वर्षांत विभागलेला असतो. प्राचलात केवळ एकच वर्ष घेतले, तर हंगामाचा एक भाग गळतो.

याहून सूक्ष्म दोष लेखनाचा आहे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तरी जुन्या दप्तरांतून उतरलेल्या नोंदींत ‘माळेगांव’ आढळू शकते. ‘इंदापुर’ व ‘इंदापूर’, ‘बुद्रुक’ व ‘बु.’ यांचेही तसेच. वाचकास ही रूपे एकच वाटतात, यंत्रास ती भिन्न आहेत. बारामतीवरून वाहणाऱ्या ‘कऱ्हा’ नदीचे नाव तर दिसावयास एकच असूनही तीन प्रकारे साठविता येते : युनिकोडमधील ०९३१ हे स्वतंत्र अक्षर योजून, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र्’पुढे अदृश्य संयोजक-चिन्ह घालून. पहिली दोन रूपे प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरे होत नाही. शिवाय काही विदागारांत देवनागरी मूल्य युनिकोड म्हणून घोषित न केल्यास त्याच्या जागी प्रश्नचिन्हेच पोहोचतात.

दोषशोधनाचा क्रम असा असावा. प्रथम विदागारापर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेली पृच्छा मूल्यांसह पाहावी. नंतर साठविलेल्या नोंदीतील मूल्य तसेच्या तसे उचलून प्राचलाच्या जागी स्थिर ठेवावे. उत्तर मिळाले तर दोष प्राचलाच्या निवडीत, संक्रमणात वा लेखनात आहे. न मिळाले तर पृच्छेच्या अन्य अटी तपासाव्यात. लेखनदोषाचा संशय असल्यास दोन्ही शब्दांचे संकेतांक अक्षरशः ताडून पाहावेत, कारण डोळ्यांची साक्ष येथे पुरेशी नाही.

कायमचा उपाय म्हणजे नाव केवळ दर्शनासाठी ठेवून तुलना संकेतांकाने करणे. केंद्र शासनाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक गावास असा क्रमांक दिलेला आहे. तसेच मूल्य पृच्छेच्या मजकुरात जोडू नये, ते प्राचल म्हणून स्वतंत्रपणे पाठवावे. अन्यथा कोणी त्यातून परकी आज्ञाही घुसवू शकतो. निवडलेली मूल्ये अहवालाच्या शिरोभागी छापल्यास रिकाम्या पानाचा अर्थ लावणे वाचकास सुकर होते.