अरुंद पट्ट्यांचे पांघरूण

कपडा बेतून झाल्यावर जे उरते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला तुकड्याचा, ज्याला लांबी आणि रुंदी या दोन्ही अंगांनी काही ऐवज असतो आणि ज्यातून एखादा खिसा, झबल्याची बाही किंवा नेटका चौकोन निघू शकतो. दुसरा पट्टीचा, जी हातभर लांब असली तरी रुंदीला दोन बोटेच भरते आणि म्हणून बहुधा कात्रणांच्या ढिगात जाते. उरलेल्या कापडातून केलेल्या पांघरुणांविषयी बोलताना लक्ष सहसा पहिल्या प्रकाराकडे जाते. अमेरिकेत ज्याला क्विल्ट म्हणतात, त्या तीन थरांच्या पांघरुणाच्या परंपरेत मात्र पट्टीला वेगळा इतिहास आणि वेगळे तंत्र आहे. क्विल्टचा वरचा थर कापडाचे तुकडे एकमेकांना जोडून केलेला असतो, मधल्या थरात कापूस किंवा लोकर असते, खाली अस्तर असते, आणि हे तिन्ही थर एकत्र धरून ठेवणाऱ्या धावदोऱ्याच्या कामाला क्विल्टिंग म्हणतात. यांपैकी वरच्या थराचा आराखडा शिवणारीने मनाशी धरलेल्या नक्षीपेक्षाही हाताशी असलेल्या कापडाच्या रुंदीवरून किती ठरतो, हे पट्ट्यांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते.

पट्टीची अडचण साध्या हिशेबाने कळते. क्विल्टच्या जोडकामात प्रत्येक शिवणीसाठी कापडाच्या कडेपासून पाव इंच सोडण्याची रीत आहे, आणि पट्टीला दोन लांब कडा असल्यामुळे तिचे अर्धा इंच कापड कायमचे आत दडते. अडीच इंचांची पट्टी शिवल्यावर दोन इंच दिसते, म्हणजे पाचवा हिस्सा जातो. दीड इंचाची एक इंच दिसते, म्हणजे तिसरा हिस्सा जातो. आणि एक इंचाची पट्टी घेतली तर निम्मे कापड शिवणीतच खर्ची पडते. पट्टी जितकी अरुंद, तितके वरच्या थरात दडणारे कापड, शिवणींची संख्या आणि लागणारा दोरा वाढत जातो. असे पांघरूण जड आणि उबदार होते, पण जागोजागी कापडाचे तीन-तीन पदर एकावर एक आल्याने त्यातून हातसुई सहज जात नाही. त्यामुळे बारीक धावदोऱ्याऐवजी ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी मारून थर बांधण्याची पद्धत अशा क्विल्टमध्ये पुष्कळदा दिसते. काटकसर म्हणून ज्या कामाचे कौतुक होते, त्यात श्रम आणि दोरा यांची काटकसर मुळीच नसते, ही गोष्ट कौतुकाच्या भरात विसरली जाते. ते करणाऱ्या घरांत कापड महाग होते आणि बायकांचे श्रम हिशेबात धरले जात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

निरनिराळ्या रुंदीच्या, कडेला वेड्यावाकड्या कातरलेल्या पट्ट्या वापरण्याची जी पद्धत सर्वांत सोपी ठरली, ती आधाराची. आठ किंवा नऊ इंचांचा कागदाचा चौकोन घ्यायचा, त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पहिली पट्टी सुलट ठेवायची, तिच्यावर दुसरी पट्टी उलट ठेवून दोघींची एकेक कड जुळवायची आणि कागदासकट पाव इंचावर शिवण घालायची. मग दुसरी पट्टी उलटून सुलट करायची, शिवणीवर इस्त्री फिरवायची आणि तिच्या मोकळ्या कडेला तिसरी लावायची. दोन्ही बाजूंनी चौकोन भरला की कागदाच्या मापाने बाहेर आलेली टोके कापून टाकतात. येथे कागदाचे काम केवळ मापाचे नसते. चौकोनाच्या चारही कडांना पट्ट्या तिरक्या कापल्या जातात, आणि तिरके कापलेले कापड, ज्याला शिंपी उरेब म्हणतात, ते ओढले की ताणते, कारण त्या दिशेने त्याला धरून ठेवणारा उभा किंवा आडवा धागा सरळ नसतो. चौकोन शेजारच्या चौकोनांना जोडून होईपर्यंत कागद त्याला आकारात धरतो आणि मग फाडून काढला जातो. तो सहज फाटावा म्हणून यंत्रावरचा टाका मुद्दाम बारीक ठेवतात. कागदाऐवजी जुने पातळ कापड वापरले तर ते काढावे लागत नाही आणि पांघरुणाला आणखी एक थर मिळतो. अशा चार चौकोनांची मधली टोके एकत्र आणली की आपोआप मोठी बर्फी उमटते, आणि प्रत्येक चौकोनातली पहिली तिरकी पट्टी एकाच रंगाची ठेवली तर उरलेल्या शेकडो विजोड पट्ट्यांना एक चौकट मिळते. नक्षीचे एवढेच भांडवल पुरते.

याच कुळातला पण अधिक शिस्तीचा प्रकार म्हणजे लॉग केबिन, अर्थात ओंडक्यांची झोपडी, जो अमेरिकेत १८६० च्या दशकापासून विशेष लोकप्रिय झाला. त्यात मधोमध एक लहान चौकोन असतो, जो परंपरेने पुष्कळदा तांबडा घेतात, आणि त्याच्या चारही बाजूंना एकामागून एक पट्ट्या लावत बाहेर जातात. शेजारच्या दोन बाजूंना फिकट आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद पट्ट्या लावल्या की प्रत्येक चौकोन कर्णावर उजेड आणि सावली असा दुभंगतो. हे चौकोन फिरवून मांडले की कधी शेताच्या नांगरटीसारखे तिरके पट्टे दिसतात, तर कधी एकात एक मोठ्या बर्फ्या. रंग कोणता याला येथे फारसे महत्त्व नसते. तो शेजारच्या रंगाहून गडद आहे की फिकट, एवढेच डोळा पाहतो. हिरवा, जांभळा, तपकिरी, काळपट निळा असे एरवी एकमेकांशी न जमणारे रंग गडद बाजूला सुखाने नांदतात, आणि उरलेल्या मालातून काम करणारीला याहून मोठी सवलत नाही.

पट्ट्यांच्या कामाचे सर्वांत नावाजलेले उदाहरण अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या खेड्याचे आहे. विलकॉक्स कौंटीतले हे खेडे अलाबामा नदीच्या वळणात वसलेले असून तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. जोसेफ जी नावाच्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे गुलामांच्या श्रमांवर कापसाची शेती सुरू केली. १८४५ मध्ये ही जमीन मार्क पेटवे याच्याकडे गेली, आणि गुलामगिरी संपल्यावरही तेथेच खंडाने जमीन कसत राहिलेल्या कुटुंबांपैकी अनेकांचे आडनाव आजही पेटवे हेच आहे. १९६० च्या दशकात येथील कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी नदीपलीकडच्या कॅमडेन या ठाण्याला जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये नदीवरची तर बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. मधल्या काळात कॅमडेनला जायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडत असे.

अशा ठिकाणी पांघरुणासाठी नवे कापड विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. शेतात घालायच्या डेनिमच्या विजारी आणि डगले झिजले की त्यांतला धड भाग पट्ट्यांच्या आणि ठोकळ्यांच्या रूपाने पांघरुणात जाई, आणि गुडघ्याशी विटलेला किंवा खिसा उसवल्यावर गर्द निळा राहिलेला भाग तसाच ठेवला जाई. मिझूरी पेटवे हिने १९४२ मध्ये पती निवर्तल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांतून जे पांघरूण केले, ते या प्रकारातले आज सर्वांत परिचित आहे. तेथील नमुन्यांची नावेही साधी आहेत: मधल्या तुकड्याभोवती पट्ट्यांचे चौकोन वाढवत नेण्याला घराचे छप्पर म्हणतात, तर नुसत्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी जोडण्याच्या पद्धतीला आळशी मुलगी. नावात थट्टा असली तरी हा दुसरा नमुना फसायला फार सोपा आहे, कारण लांब पट्ट्या नेहमी एकाच टोकाकडून शिवत गेले की प्रत्येक शिवणीत कापड किंचित सरकते आणि सारे काम कमानीसारखे वाकते. त्यावर उपाय म्हणजे एक शिवण खालून वर आणि पुढची वरून खाली घालणे.

१९६६ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने आणि एस्टेल विदरस्पून यांच्यासारख्या स्थानिक स्त्रियांच्या नेतृत्वाने या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या क्विल्ट न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत पोचल्या, पण दुकानांना एकसारखा माल हवा असल्याने तेथे ठरलेल्या नमुन्याबरहुकूम काम करावे लागे. १९७२ मध्ये संस्थेला सीअर्स रोबक या कंपनीकडून उशांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचे काम मिळाले, आणि पट्ट्यांच्या इतिहासाला येथे अनपेक्षित कलाटणी मिळाली. कॉर्डरॉय म्हणजे उभ्या उठावदार रेघांचे जाड सुती मखमली कापड. अभ्रे बेतून उरलेल्या त्याच्या पट्ट्या बायका घरी नेऊ लागल्या आणि गावभर वाटू लागल्या. सोनेरी, चेरीसारखा लाल, हिरवट असे त्या दशकाच्या फॅशनचे रंग अशा रीतीने गावाच्या पांघरुणांत शिरले. हे कापड इतके जाड की त्याचे बारीक तुकडे जोडणे अवघड, म्हणून शिवणारींनी पट्ट्या लांब आणि रुंदच ठेवल्या, आणि त्यातून मोठ्या, सपाट, ठसठशीत आकारांची अशी पांघरुणे तयार झाली, ज्यांना पुढे समीक्षकांनी आधुनिक अमूर्त चित्रांशेजारी बसवले. ॲनी मे यंग हिच्या १९७६ च्या क्विल्टमध्ये मधोमध कॉर्डरॉयच्या पट्ट्यांचा झगझगीत पट आहे आणि त्याभोवती कामाच्या कपड्यांतले विटके डेनिम. तोलामोलाची ही जाण शिवणारीची खरी. पण त्या मधल्या पटाचा माल आणि त्याची जाडी यांचा उगम एका घाऊक मागणीत होता, हेही तितकेच खरे.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या क्विल्टांचे प्रदर्शन भरले, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची १० तिकिटे काढली. कीर्तीबरोबर मोबदल्याचा वादही आला; २००७ मध्ये काही शिवणारींनी न्यायालयात दावे लावले आणि पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले.

पट्ट्यांची ही आवड पश्चिम आफ्रिकेतून आलेली आहे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे, कारण तेथील असांते आणि एवे विणकर अरुंद मागावर सुमारे चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड जोडून केंटेसारखे मोठे वस्त्र करतात. साम्य डोळ्यांत भरणारे आहे. तथापि उत्तर इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्येही निव्वळ उभ्या पट्ट्यांच्या रजया शिवल्या जात, आणि पेनसिल्व्हेनियातल्या आमिश पंथाच्या स्त्रियाही पट्ट्यांचा नमुना करत. तेव्हा केवळ पट्टी दिसली म्हणून आफ्रिकेशी नाते जोडणे घाईचे ठरते. पट्टी जगभर उरते, कारण कापड जगभर सरळ धाग्यावर फाटते. तिची मांडणी कशी केली, कोठे मुद्दाम लय मोडली, यात वारसा शोधता येईल. तिच्या नुसत्या असण्यात नाही.

हीच सावधगिरी आपल्याकडच्या पांघरुणांबाबतही बाळगावी लागते. महाराष्ट्रातली गोधडी किंवा वाकळ दिसायला क्विल्टची बहीण वाटते, पण तिची बांधणी निराळी आहे. गोधडीत वरचा थर आधी वेगळा जोडून घेत नाहीत. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा पाया अंथरून त्यावर थर रचतात, तुकड्यांच्या कडा आत मुडपून ते एकमेकांवर थोडे चढवून ठेवतात, आणि एकच धावदोरा जोडणे आणि थर बांधणे ही दोन्ही कामे एकदम करतो. त्यामुळे पट्टीचा हिशेबही बदलतो: अगदी विरलेल्या चिंध्या आतल्या थरात जातात आणि जी पट्टी खरोखर मजबूत, म्हणजे लुगड्याचा दाट विणीचा काठ, ती कडेला लावायला ठेवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंडीही याच पद्धतीची असून ती कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने आत जाते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज या समाजात असल्याने तिची तुलना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या क्विल्टशी होत असते, परंतु तंत्राने ती शेजारच्या मराठी आणि कन्नड घरांतल्या गोधडीच्याच जवळची आहे.

१९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या गोल पात्याचे कटर आणले आणि कापडाचे चार-सहा थर एका फटक्यात सरळ पट्टीत कापणे शक्य झाले. आता तर अडीच इंचांच्या रंगसंगती जुळवलेल्या पट्ट्यांच्या तयार गुंडाळ्याच बाजारात मिळतात. त्यांच्यामुळे शिकाऊ व्यक्तीचे काम सोपे होते यात शंका नाही, पण उरलेले संपवण्याशी त्यांचा संबंध राहत नाही, आणि सर्व पट्ट्या एकाच कारखान्यातून एकाच मापाने आल्यावर अडचणीतून सुचणारी नक्षीही सुचत नाही.

ज्यांच्या घरी कात्रणांची पिशवी साठली असेल, त्यांनी प्रथम तिची वाटणी रंगाने न करता रुंदीने करावी. सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड वेगळे काढावे, कारण सुतीला लागणारी इस्त्री कृत्रिम कापडाला सोसत नाही. गडद लाल आणि काळ्या पट्ट्या पाण्यात भिजवून रंग जातो का ते पाहावे. आणि आधारासाठी वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद घ्यावा, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने शाई फिकट कापडावर उतरणार नाही. एक इंचाहून अरुंद पट्टी मात्र जोडकामाला घेऊ नये. ती उशीत भरावी.